कूलर बंद करण्याबाबत

मी जिंकलो. एक्क्याण्णव किलोच्या वरचा गट, जिल्हा निवड चाचणी, पाच पंचांपैकी तीन माझ्या बाजूला. झालं सांगून. आता असं करू, हे मी लिहिलं नाही आणि तुम्ही वाचलं नाही. सकाळचे साडेसात वाजलेत, सामना अजून व्हायचाय, आणि वजनकाट्याशेजारच्या बाकावर बसून प्रल्हाद खंडारे अकरावं केळं खातो आहे.

"अजून किती राहिलेत?" मी विचारलं.

"मोजू नको बे. मोजले का मळमळते."

"वजन किती भरलं?"

"नव्वद सहाशे."

"म्हणजे अजून चारशे ग्रॅम."

"चारशेच्या वर. बरोबर एक्क्याण्णव भरलं तरी थो डाबेराव खालच्या गटात टाकते मले."

डाबेराव सर कुठल्याशा शाळेत पीटी शिकवायचे आणि चाचणीच्या दिवशी काट्यापाशी रजिस्टर घेऊन बसायचे. प्रत्येकाकडे ते असं बघायचे, जणू वजन त्याने कुठून तरी उचलून आणलं आहे.

"सर," प्रल्हादने तिथूनच विचारलं, "पाणी पिलं तं चालते ना?"

"पोटातलं चालेल. बाटलीतलं नाही."

प्रल्हादने बाटलीतलं सगळं पाणी पोटात नेलं, दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहिला आणि काट्यावर चढला. एक्क्याण्णव दोनशे. डाबेरावांनी त्याच्या पोटाकडे पाहिलं.

"हे दुपारपर्यंत टिकायचं नाही."

"दुपारी कोण मोजते सर?"

मग मी चढलो. काटा थांबायच्या आधीच डाबेरावांनी रजिस्टरात 'एकशे चार' लिहिलं होतं.

जगभरातले बॉक्सर वजन उतरवण्यासाठी उपाशी राहतात, स्वेटर घालून धावतात, थुंकत बसतात. प्रल्हाद वाढवत होता. त्याला कारण होतं. त्याच्या नेहमीच्या गटात पोलीस दलातला एक जवान उतरणार होता. तो राष्ट्रीय स्पर्धा खेळून आलेला, त्याच्यासमोर आमच्या जिल्ह्यात कुणाचंच काही चालायचं नाही. सर्वांत वरच्या गटात मात्र जिल्ह्यात एकच माणूस होता, तो मी. आणि या गटाची एक गंमत आहे. एवढ्या वजनाची आणि तरीही मार खायला तयार असलेली माणसं अख्ख्या महाराष्ट्रात फार नाहीत. राज्य स्पर्धेला चार, फार तर पाच जण येतात. चौघं आले तर सुरुवातच उपांत्य फेरीपासून, आणि उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य. म्हणजे जिल्ह्यातून नाव गेलं की पदक जवळजवळ घरपोच. पदक असलं की खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरीचा अर्ज करता येतो.

प्रल्हाद दालमिलमध्ये तुरीची पोती उचलायचा. तीन भरत्यांत तो धावून, उड्या मारून, यादीच्या दोन नावं खाली राहिला होता. पुढच्या मार्चात त्याचं वय निघणार होतं. त्यानंतर त्याने ऑलिम्पिकचं पदक आणलं असतं तरी कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने जन्मतारीख बघून परत केलं असतं. घरी बायको आणि दीड वर्षाची मुलगी, आर्या.

पंधरा दिवस आधी तो माझ्या घरी आला होता. चप्पल बाहेर काढून, ओसरीवर, पाहुण्यासारखा.

"मी तुझ्या गटात आलो तं चालन का?" त्याने विचारलं.

"ये ना. मजा येईल," मी म्हणालो.

मजा. हा शब्द मी वापरला होता. वडिलांचं सिमेंटच्या पत्र्यांचं दुकान होतं आणि त्यावर माझं नाव आधीच लिहिलेलं होतं. 'तिडके अँड सन.' सन एकच होता. मला त्या पदकाची काही गरज नव्हती. हे मला त्या वेळीही माहीत होतं, नंतर कळलं वगैरे काही नाही.

मी क्लबात आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. शाळेत फुटबॉलच्या वेळी गोलचा एक खांब तुटला होता, तर पूर्ण सत्र मला तिथे उभं केलं होतं. मी वाईट खांब नव्हतो. पण खांबाला कोणी टाळ्या वाजवत नाही. उमाळे सरांनी पहिल्या दिवशी मला रिंगमध्ये उभं केलं, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "याला मारणं सोपं आहे. डोळे मिटून मारलं तरी लागते. याला वाचायचं शिकवा लागन."

मग त्यांनी प्रल्हादला बोलावलं.

सरांची शिकवायची एक पद्धत होती. मारणाऱ्याने उजवा ठोसा मारायच्या आधी तोंडाने 'हं' म्हणायचं. 'हं' ऐकला की समोरच्याने डोकं हलवायचं, डावीकडे, उजवीकडे किंवा खाली. सरांचं म्हणणं होतं की हात बघून डोकं हलवायला गेलं तर उशीर झालेला असतो. अंगाला आधी हलायची सवय लागू द्या, डोळे मागून शिकतात. पहिला महिना मी 'हं' ऐकूनही मार खाल्ला. दुसऱ्या महिन्यात निम्मा. मग प्रल्हाद 'हं' हळू म्हणायला लागला, मग पुटपुटायला लागला, मग सर म्हणाले, "आता बंद कर. आता याले दिसते." प्रल्हादने बंद केलं.

त्यानंतर मला ठोसा लागेनासा झाला.

रोज संध्याकाळी, दालमिलमधून सुटून, केसात तुरीचं फोल घेऊन प्रल्हाद यायचा आणि माझ्यावर ठोसे चालवायचा. तीन वर्षं. मी बॉक्सिंग शिकत होतो आणि तोही माझंच बॉक्सिंग शिकत होता. त्याचं स्वतःचं राहूनच गेलं. माझ्या ठोशात जीव नव्हता, अजूनही नाही, मी दार ठोठावलं तरी लोक बेल वाजवा म्हणतात. पण एकशे चार किलोचा माणूस उजवा ठोसा नाकापासून दोन बोटांवरून जाऊ देतो, हे बघायला लोक यायचे. भरलेली पाण्याची टाकी लाजून बाजूला सरकावी तसं ते दिसायचं म्हणे. एका स्थानिक पेपरने फोटोसह बातमी दिली. फोटोत मी नव्हतो. फोटोग्राफरने बटण दाबलं तोवर मी सरकलो होतो. नुसता प्रल्हादचा ग्लोव्ह आणि मागची भिंत. खाली माझं नाव. आईने तो भिंतीचा फोटो लॅमिनेट करून घेतला.

तर वजन झाल्यावर आम्ही दोघं बाहेर कडुनिंबाखाली बसलो. चाचणी एका मंगल कार्यालयात होती, कारण मे महिन्यातली ती एकच बिनमुहूर्ताची तारीख होती. साडेआठलाच अकोल्याचं ऊन तोंडावर यायला लागलं होतं. उरलेली केळी आमच्या मध्ये होती.

"एक विचारू?" प्रल्हाद म्हणाला.

"विचार."

"सर म्हणतात, उजवा माराच्या आधी मी काहीतरी करतो. समोरच्याले समजते. काय करतो ते त्याहिलेही सापडत नाई. खांदा पाहिला, पाय पाहिला, आरशापुढं उभं केलं मले. काही नाई." त्याने केळ्याची साल नीट घडी करून ठेवली. "तू तीन वर्ष माह्यासमोर उभा आहे. तुले मालूम असन."

समोर रस्त्यावर एक माणूस सायकलवर गादी घेऊन चालला होता. गादी मोठी होती आणि माणूस दिसत नव्हता. मी त्या गादीकडे बघत राहिलो.

"काही करत नाहीस तू," मी म्हणालो.

"खरं सांग बे. आज उपयोगाचं आहे मले."

"खरंच. तू काही करत नाहीस."

"मग तू वाचतं कसा?"

"रिफ्लेक्स," मी म्हणालो. मी एक केळं सोललं आणि त्याला दिलं. त्याने ते घेतलं, पोट भरलं होतं तरी.

"असन बाप्पा," तो म्हणाला. "देवाची देन असते एकेकाले."

कपडे बदलायला आम्हाला दोन खोल्या दिल्या होत्या. त्याच्या दारावर 'वरपक्ष' आणि माझ्या दारावर 'वधूपक्ष' अशी पाटी होती. आतल्या आरशाला टिकल्या चिकटलेल्या होत्या. मी हातांना पट्ट्या गुंडाळल्या आणि त्या टिकल्यांमधून स्वतःकडे पाहिलं. तेवढ्यात उमाळे सर आले.

"हे पाह्य ऋषिकेश, दोघंही माझे आहात. मी कोणाच्या कोपऱ्यात बसू?"

"बसूच नका सर."

"नाही बसलो तर पाणी कोण देईन?"

शेवटी असं ठरलं की फेऱ्यांच्या मधल्या एका मिनिटात सर अर्धा मिनिट माझ्याकडे येणार आणि अर्धा मिनिट प्रल्हादकडे जाणार. बादली एकच. नियमात हे कुठेही बसत नव्हतं. रिंगमधले पंच पळसोदकर साहेब नागपूरहून आले होते. त्यांनी नियमपुस्तक उघडलं, थोडं वाचलं, मिटलं आणि म्हणाले, "जिल्हा पातळीवर ठीक आहे."

साडेअकराला सामना लागला. दोनेकशे लोक होते. प्रमुख पाहुणे वधूवरांच्या लाल मखमली सोफ्यावर एकटेच बसले होते आणि शेजारची जागा रिकामी ठेवायची की मध्यभागी सरकायचं, हे त्यांचं शेवटपर्यंत ठरलं नाही. भारनियमनाची वेळ होती. पंखे बंद, माईक बंद. हॉलमध्ये एवढी शांतता होती की कुणी पुठ्ठ्याने वारा घेतला तरी ऐकू यायचं.

पहिली फेरी माझी होती. प्रल्हादचा पहिला उजवा आला आणि मी बाहेरच्या बाजूला सरकलो. दुसरा आला, मी खाली गेलो आणि त्याच्या काखेखालून पलीकडे निघालो. तिसऱ्याला मी नुसती मान मागे घेतली. दर वेळी निघता निघता डावा हात त्याच्या कपाळाला टेकवत होतो. टेकवतच होतो, पण टेकवल्याचाही गुण मिळतो. लोकांनी 'ओहोहो' करायला सुरुवात केली. एक काका म्हणाले, "याले पाठीमागं डोळे आहेत का?" दुसऱ्याने सांगितलं की ठोसा पुढून येतोय.

घंटा वाजली. सर माझ्याकडे आले, पाणी दिलं, "छान. डावा लावत राह्य" म्हणाले आणि बादली घेऊन पळाले. एवढ्या शांततेत पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

"पल्या, तुझा उजवा त्याले आधीच कळते. खांदा पाडू नको."

"खांदा नाई पाडत सर."

"मग काय करतं तू?"

"मले मालूम असतं तं नसतं केलं सर."

दुसरी फेरी सुरू झाली आणि वीस सेकंदांत वीज आली.

त्या कार्यालयात एक कूलर होता. कूलर म्हणजे लोखंडी खोलीच होती ती, चार फुटी पंखा, लग्नात हजार माणसांना पुरणारा. तो माझ्या कोपऱ्याच्या मागे होता. वीज आली तसा तो आधी कण्हला, मग खडखडला आणि मग विमान उडावं तसा सुरू झाला. दोनशे लोकांनी एकदम सुस्कारा सोडला असेल. मला तो ऐकू आला नाही. मला काहीच ऐकू आलं नाही.

पहिला उजवा माझ्या कानावर बसला.

मी तीन वर्षं प्रल्हादच्या उजव्या हाताला ओळखत होतो, पण आमची भेट त्या दिवशी झाली. पोती उचलणारा हात होता तो. कानावर बसला तेव्हा दात दुखले. दुसरा गालावर, तिसरा पोटात, चौथा परत गालावर. मी डोकं हलवत होतो, पण ठोसा येऊन गेल्यावर. शेजारच्या गल्लीत लाईट गेली की आपण उगाच आपल्या घरातलं बटण दाबून बघतो, तसं ते हलवणं होतं. पळसोदकरांनी मध्ये पडून माझ्यासमोर आठपर्यंत बोटं मोजली. मला वाटलं, हा माणूस माझी केळी मोजतोय.

प्रल्हादचा चेहरा मला त्या वेळी दिसला. तो खूश नव्हता. तो काळजीत होता. त्याने ग्लोव्हज खाली करून मानेने विचारलं, ठीक आहेस ना. मी मान हलवली. मग त्याने परत मारलं, कारण मारायलाच आला होता तो. पण जरा हळू मारलं. ते मी नंतर मोजलं, झोपेत, बऱ्याचदा.

फेरी संपली तेव्हा मी स्टुलावर बसलो नाही, पडलो. सर पाणी घेऊन आले. त्यांनी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "सर, कूलर बंद करायला सांगा."

"काय?"

मी ओरडून सांगितलं. "कूलर. बंद करायला सांगा. हवा डोळ्यात येते. पाणी येतं डोळ्यात. दिसत नाही मला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कूलरकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे. मग ते पळसोदकरांकडे गेले. पळसोदकरांनी नियमपुस्तक मागवलं. त्यात कूलरचं काहीच नव्हतं. ते निळ्या कोपऱ्यात गेले आणि वाकून प्रल्हादला विचारलं. पळसोदकरांचा आवाज मोठा होता, त्या खडखडाटातही मला कळला.

"तुमच्या प्रतिस्पर्ध्याची विनंती आहे. तुमची हरकत असेल तर चालू राहील. हरकत आहे का?"

मी तेव्हा ज्या देवाचं नाव घेतलं, त्याने ते ऐकायला नको होतं.

प्रल्हाद धापा टाकत होता. त्याच्या अंगावरून घाम असा गळत होता की सकाळचं पाणी परत निघालं म्हणायचं. त्याला हवा हवी होती, सगळ्यांना हवी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"करा ना बंद," तो म्हणाला. "डोळ्याचं काम आहे साहेब. तीन मिनिटं घामानं कोणी मरत नाई."

कार्यालयाच्या मॅनेजरने बटण दाबलं. मोठा पंखा एकदम थांबत नाही. तो फट, फट, फट करत हळू झाला, एकेक पातं दिसायला लागलं, आणि थांबला. लोक कुरकुरले. लाल सोफ्यावरच्या पाहुण्यांनी खिशातून रुमाल काढला. या सगळ्यात मिनिट संपलं होतं आणि सरांना निळ्या कोपऱ्यात जाताच आलं नाही. प्रल्हादला पाणीही मिळालं नाही.

तिसरी फेरी सुरू झाली आणि मला परत ऐकू यायला लागलं.

आता सांगतो. सरांनी सांगितल्यावर प्रल्हादने 'हं' म्हणणं बंद केलं होतं. पण 'हं' म्हणायला आधी श्वास घ्यावा लागतो, तो श्वास राहून गेला होता. उजवा निघायच्या जरा आधी तो नाकाने एक छोटा श्वास आत ओढायचा. चहा गरम आहे का बघताना आपण हुंगतो, तेवढाच. त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं. सर दोरीच्या बाहेर उभे असायचे, त्यांच्यापर्यंत तो आवाज पोहोचत नव्हता, आणि आरशात श्वास दिसत नाही. तो ऐकू येईल एवढ्या जवळ जगात एकच माणूस तीन वर्षं उभा होता. पहिल्या वर्षातच मला ते कळलं होतं. माझे रिफ्लेक्स त्याच्या नाकात होते. आणि ती सवय त्याला मला वाचायला शिकवताना लागली होती, स्वतःच्या ठोशासाठी नव्हे.

सूं. मी बाहेर सरकलो. सूं. मी खाली गेलो. सूं, मान मागे. डावा कपाळाला. लोक घाम विसरून ओरडायला लागले, तर मला भीती वाटली की हे ओरडले तर ऐकू यायचं नाही, म्हणून मी अजून जवळ गेलो. सगळ्यांना वाटलं केवढं धाडस. एकदा आम्ही एकमेकांना मिठी घालून अडकलो, प्रल्हादची हनुवटी माझ्या खांद्यावर होती, आणि तो हसत होता. थकून, मनापासून.

"अबे कसा पाहतं बे तू?" तो माझ्या कानात म्हणाला.

पळसोदकरांनी आम्हाला सोडवलं. मी त्याला सात वेळा डावा टेकवला. घंटा झाली. तीन पंच मला, दोन त्याला.

माझा हात वर झाल्यावर प्रल्हादने मला उचलायचा प्रयत्न केला. एकशे चार किलो. पोत्यासारखं कमरेत धरून त्याने अर्ध्यापर्यंत उचललं, मग आम्ही दोघंही दोरीवर गेलो आणि लोक हसले. तो लोकांना सांगत होता, "यालेच पाठवा. याले राज्यात कोणी हात लावू शकत नाई."

उमाळे सर वधूपक्षात आले तेव्हा मी पट्ट्या सोडत होतो. ते दारातच उभे राहिले.

"कूलर तुझ्या पाठीमागं होता," ते म्हणाले.

मी पट्टी सोडत राहिलो. ती फार लांब असते, साडेचार मीटर.

"पाठीमागची हवा डोळ्यात कशी जाते रे?"

मी दुसऱ्या हाताची पट्टी सोडायला घेतली. मग त्यांनी बादली उचलली आणि गेले. त्यांनी मला परत कधी काही शिकवलं नाही. रागावले नाहीत, बोलणं बंद केलं नाही. नुसतं शिकवलं नाही.

राज्य स्पर्धेला बसमध्ये बसवायला प्रल्हाद आला होता. त्याने मला वाटेत खायला फुटाणे दिले आणि खिडकीतून सांगितलं, "डावा लावत राह्यजो." तिथे माझ्या गटात चारच जण आले. समोरचा मुलगा तोंडाने श्वास घ्यायचा, सतत, माशासारखा. बावन्न सेकंद लागली. शुद्धीवर आलो तेव्हा मला कांस्य मिळालेलं होतं.

मार्चमध्ये प्रल्हादचं वय निघालं. दोन वर्षांनी वडिलांच्या दुकानाचा कंटाळा आला म्हणून मी राखीव जागेवर अर्ज केला. कंटाळा आला म्हणून. ते कारण अर्जात लिहायचं नसतं. मी एका कार्यालयात आवक टेबलावर लिपिक आहे. आलेल्या कागदावर क्रमांक टाकतो, शिक्का मारतो आणि पुढच्या टेबलाला देतो. लोक म्हणतात माझा हात जलद आहे.

मागच्या सोमवारी प्रल्हाद आला. अजून दालमिलमध्येच आहे, संध्याकाळी क्लबात मुलांना शिकवतो. केस कानापाशी पांढरे झालेत. आर्याच्या शाळेसाठी रहिवासी दाखला हवा होता. दोन खेटे घालून झाले होते आणि मी इथे आहे हे त्याला कुणीतरी आत्ता सांगितलं होतं. मी त्याचा कागद घेऊन स्वतः तीन टेबलं फिरलो आणि वीस मिनिटांत सही आणली. त्याला एवढा आनंद झाला की त्याने शेजारच्या टेबलावरच्या सावरकर मॅडमना सांगितलं, "मॅडम, या माणसाले मी तीन फेऱ्या मारलं. मधल्या फेरीत डोळ्यात पाणी आलं म्हणून जरासा सापडला. नाई तं हा माणूस हवा आहे."

"हो का?" मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे नव्याने पाहिलं.

"आता तं सांग," प्रल्हाद माझ्याकडे वळून म्हणाला. "आता काय आहे त्याच्यात. पोराहिले शिकवा लागते मले. काय दिसे तुले?"

काहीच नव्हतं आता त्यात. त्याचं वय निघालेलं, माझं पोट सुटलेलं. सांगितलं असतं तर तो हसला असता. कदाचित हसला नसता. टेबलावर त्याची मुलगी फोटोतून माझ्याकडे बघत होती, दाखल्याला स्टेपल केलेली.

"रिफ्लेक्स," मी म्हणालो.

"असन बाप्पा," तो म्हणाला, आणि दाखला शर्टाच्या आत घालून गेला.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खालील अर्ज लिहिला. तो आवक टेबलावर द्यायचा असतो, म्हणजे मलाच. अजून क्रमांक टाकलेला नाही.

प्रति, जो कोणी सक्षम अधिकारी असेल तो.

महोदय, मी, ऋषिकेश तिडके, आवक लिपिक, सविनय सादर करतो की, श्री. प्रल्हाद खंडारे यांनी मला एकाच प्रश्नाचे उत्तर दोन वेळा विचारले असून दोन्ही वेळा ते माझ्याकडे उपलब्ध होते. ते न दिल्यामुळे सध्या मी ज्या खुर्चीवर बसतो ती मला मिळालेली आहे. सदर खुर्ची सुस्थितीत असून ती रिकामी करण्यास माझी हरकत नाही. मात्र श्री. खंडारे हे वयोमर्यादेत बसत नाहीत असे कळते. तरी मी पहिल्यांदा खोटे बोललो त्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता त्यांचे जे वय होते तेच त्यांचे आजचे वय धरण्यात यावे, मधली वर्षे माझ्या वयात जमा करण्यात यावीत, आणि तसा दाखला त्यांना खेटे न घालता घरपोच मिळावा, ही नम्र विनंती.